ट्रायग्लिसराइड २४०, चालणं आणि लसणाच्या कॅप्सूल : अनुभव आणि माहिती हवी आहे

निळाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

माझं वय ४४, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७९ किलो. कंबर बेंबीपाशी ९८ सेंटिमीटर. काम दिवसभर बसून. मागच्या महिन्यात उपाशीपोटी रक्त तपासलं. एकूण कोलेस्टेरॉल २३६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४०, एचडीएल (चांगलं म्हणतात ते कोलेस्टेरॉल) ३८, एलडीएल (वाईट म्हणतात ते) १५०. साखर, थायरॉइड, रक्तदाब सगळं ठीक. डॉक्टर म्हणाल्या, तीन-साडेतीन महिने वजन आणि व्यायामाकडे नीट लक्ष द्या, मग पुन्हा तपासू, गोळीचं तेव्हा ठरवू. माझ्या वडिलांना बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. त्यामुळे तो कागद हातात पडल्यापासून जिवाला घोर लागला आहे.

रिपोर्ट आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मोठ्या जाऊबाई लसणाच्या कॅप्सूलची बाटली घेऊन आल्या. रोज दोन, जेवणानंतर. त्यांचं स्वतःचं कोलेस्टेरॉल यानेच उतरलं असं त्या अगदी खात्रीने सांगतात. इतक्या मायेने आणल्या होत्या की मला नाही म्हणवेना. महिनाभर घेते आहे.

लसणाने रक्तातली चरबी खरंच उतरते का? व्यायाम नेमका किती आणि कोणता करायचा? दोन्ही एकदम केलं तर एकाने दुसऱ्याचा जोर वाढतो का? आणि एक कबूल करते. कॅप्सूल घ्यायला लागल्यापासून चालायला जायचं रोज उद्यावर जातंय. मनाला कुठेतरी वाटतं, काहीतरी चालू आहे ना. हेच मला आता बोचायला लागलं आहे, म्हणून विचारते.

मनमोकळी

+१. आमच्याकडेही हेच चालू आहे, फक्त रिपोर्ट यांचा. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

उत्तररात्र

निळाई, माझा अनुभव लिहितो. दोन वर्षांपूर्वी एकूण कोलेस्टेरॉल २३१ होतं. चार महिने लसणाच्या कॅप्सूल घेतल्या, २०४ वर आलं. गोड बरंच कमी केलं होतं, पण व्यायाम शून्य. तेव्हापासून माझा लसणावर विश्वास बसला आहे. पोटाला थोडी जळजळ होते, बाकी काही त्रास नाही. घेत राहा असंच म्हणेन.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये १९ वर्षं तंत्रज्ञ आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे उपचारांबद्दल बोलणार नाही. पण तुमचा कागद कसा वाचायचा ते सांगू शकतो, कारण बहुतेक जण फक्त ठळक अक्षरं बघून घाबरतात.

तुमच्या चार आकड्यांपैकी तीन यंत्राने मोजलेले असतात. चौथा, एलडीएल, बहुतेक ठिकाणी गणिताने काढतात. १९७२ सालापासून वापरात असलेलं फ्रिडवाल्डचं सूत्र आहे : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. २४० भागिले ५ म्हणजे ४८. २३६ वजा ३८ वजा ४८, बरोबर १५०. म्हणजे तुमचा एलडीएल गणितातूनच आला असावा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र चालत नाही, तेव्हा एलडीएल थेट मोजायला सांगावं.

आता तुमच्या कागदावर सगळ्यात ठळक काय दिसतं? एलडीएल चढलेलं आहेच, पण जोडी बघा. ट्रायग्लिसराइड १५० च्या बरंच वर, एचडीएल बायकांसाठीच्या ५० च्या बरंच खाली, आणि कंबर बायकांसाठीच्या ८० च्या मर्यादेपलीकडे. ही तीन एकत्र आली की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. हे चित्र पोटाच्या चरबीचं आणि बैठ्या आयुष्याचं असतं. डॉक्टरांनी गोळीच्या आधी व्यायाम का सांगितला ते यातून समजेल.

रोज हाताखालून जाणारी एक गोष्ट सांगतो. नळी सेंट्रिफ्यूजमधून बाहेर काढली की तळाशी गडद लाल पेशी, मध्ये जेलचा पांढरट थर आणि वर फिकट पिवळं सिरम. चांगलं सिरम इतकं नितळ असतं की नळीमागे कागद धरला तर त्यावरची अक्षरं वाचता येतात. ट्रायग्लिसराइड बरंच चढलं की ते गढूळ व्हायला लागतं, आणि हजाराच्या पुढे गेलेली नळी अक्षरशः दुधासारखी दिसते. मागची अक्षरं पार गायब. ५०० च्या वर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढत जातो, तिथे मात्र तीन महिने वाट बघत बसायचं नसतं, लगेच डॉक्टरांकडे जायचं. तुमचं २४० त्या टोकाला नाही, तेवढा धीर धरा.

उत्तररात्र, तुमचा अनुभव खोटा नाही, पण एक लक्षात घ्या. एकाच माणसाचं एकूण कोलेस्टेरॉल काहीही न करता पाच-सहा टक्के वरखाली होतं. ट्रायग्लिसराइड तर २० टक्क्यांपर्यंत हलतं. शिवाय माणूस जागा होतो तो आकडा सगळ्यात वाईट आलेला असतो तेव्हा, पुढचा आपोआप थोडा बरा येतो. २३१ चे २०४ म्हणजे जवळजवळ १२ टक्के. त्यातला काही भाग हा, काही भाग गोड कमी केल्याचा. लसणाच्या वाट्याला किती उरतं ते एका माणसाच्या दोन कागदांवरून कोणालाच सांगता येणार नाही.

सावकाश

व्यायामाबद्दल लिहितो, फिजिओथेरपी हा माझा पेशा आहे.

आधी हे समजून घ्या की व्यायाम नेमका कोणत्या आकड्यावर काम करतो. स्नायूंच्या केशवाहिन्यांच्या भिंतीवर लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइम असतं. रक्तातून वाहणारं ट्रायग्लिसराइड फोडून स्नायूला इंधन म्हणून देणं हे त्याचं काम. स्नायू वापरला की हे एन्झाइम वाढतं, तासन्‌तास बसून राहिलं की मंदावतं. म्हणून व्यायामाचा सगळ्यात स्पष्ट परिणाम ट्रायग्लिसराइडवर दिसतो. एचडीएल थोडं वर सरकतं, पण सावकाश. एलडीएलचा आकडा मात्र नुसत्या व्यायामाने फारसा हलत नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे नंतर निराशा नको.

तुम्हाला सगळ्यात उपयोगी पडेल अशी गोष्ट : एका वेळच्या चालण्याचा ट्रायग्लिसराइडवरचा परिणाम साधारण एक ते दोन दिवस टिकतो. रविवारी दोन तास घाम गाळला आणि आठवडाभर खुर्चीत बसलं तर बुधवारपर्यंत तो पुसला जातो. म्हणून रोज, किंवा एक दिवसाआड तरी, हवंच.

ड्यूक विद्यापीठात विल्यम क्राउस आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग मी माझ्याकडे येणाऱ्यांना नेहमी सांगतो. २००२ साली तो प्रसिद्ध झाला. बैठी, वजन जास्त असलेली, कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड बिघडलेली माणसं घेतली आणि सुमारे आठ महिने व्यायाम दिला. एका गटाला आठवड्याला ३२ किलोमीटर धावण्याइतका, दुसऱ्याला १९ किलोमीटर धावण्याइतका, तिसऱ्याला १९ किलोमीटर चालण्याइतका. वजन मुद्दाम उतरवू नका असंही सांगितलं होतं. तरी व्यायाम करणाऱ्या तिन्ही गटांचं व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा बरं निघालं. सगळ्यात जास्त फायदा सर्वाधिक अंतर कापणाऱ्यांना झाला, आणि वेगापेक्षा एकूण किती व्यायाम झाला याला जास्त महत्त्व दिसलं. एलडीएलचा एकूण आकडा फारसा बदलला नाही, पण त्यातले बारीक, घट्ट कण कमी झाले, आणि धमन्यांना त्यांचाच उपद्रव जास्त मानला जातो. कागदावर दिसत नाही म्हणजे आत काही घडत नाही असं नाही.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाची आहे, आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायू बळकट करणारा. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका. तुम्ही १५० ने सुरुवात करू नका. रोज १० मिनिटं करा, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. ७९ किलो वजन आणि इतक्या वर्षांची बैठक आहे, गुडघ्यांना सवय व्हायला वेळ द्या. चालताना छातीत दडपण किंवा अनपेक्षित धाप जाणवली तर थांबा आणि डॉक्टरांना सांगा. वडिलांचा इतिहास आहे, म्हणून हे ठासून लिहितो.

औषधवेल

लसणाच्या बाजूने मी लिहिते. औषधनिर्माणशास्त्र शिकवते, आणि लसूण हा माझा आवडता विषय आहे. वर्गात दरवर्षी हा प्रयोग करून दाखवते.

अख्खी सोललेली पाकळी नाकाशी धरा, वास जेमतेम येतो. तीच पाकळी सुरीच्या पात्याने दाबून चिरडा, दोन-तीन सेकंदांत तो डोळ्यांत चढणारा दर्प येतो. म्हणजे तो वास पाकळीत आधी नव्हता, आत्ता तयार झाला. लसणाच्या पेशीत ॲलीन हा पदार्थ एका कप्प्यात आणि ॲलिनेज हे एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात असतं. पेशी फुटली की दोघांची गाठ पडते आणि ॲलिसिन, म्हणजे तो दर्पाचा पदार्थ, तयार होतं. १९४४ साली कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी ते वेगळं काढलं. चिरडल्या चिरडल्या गरम केलं तर एन्झाइम मरतं आणि ॲलिसिन पुरतं तयारच होत नाही. दहा मिनिटं तसंच ठेवून मग गरम केलं तर बरंचसं काम उरकलेलं असतं.

मग कॅप्सूलमध्ये काय असतं? तिथेच सगळा घोळ आहे. बाटलीवर 'लसूण' लिहिलेलं असलं तरी आतला माल वेगवेगळा असतो. वाळवलेली पूड असेल तर एन्झाइमला पोटातल्या आम्लातून वाचवावं लागतं, म्हणून आतड्यात विरघळणारं आवरण देतात. तरी प्रत्यक्षात किती ॲलिसिन सुटतं ते गोळीगणिक बदलतं. तेल असेल तर त्यात ॲलिसिन नसतंच, त्याचे वंशज असलेले गंधकयुक्त पदार्थ असतात. मुरवलेला अर्क हा आणखी तिसरा प्रकार. तो पातळ अल्कोहोलमध्ये वीसेक महिने मुरवतात, दर्प जातो आणि एस-ॲलिल सिस्टीन नावाचा स्थिर पदार्थ उरतो. 'लसूण घेतला' या दोन शब्दांत इतक्या वेगळ्या गोष्टी येतात, म्हणून एकाचा अनुभव दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

परिणामाचं बोलू. यकृताच्या पेशींवर प्रयोगशाळेत लसणाचे पदार्थ टाकले की कोलेस्टेरॉल बनण्याचा वेग मंदावतो. आशा तिथूनच सुरू झाली. माणसांवरच्या प्रयोगांत मात्र सरमिसळ आहे. कॅरिन रीड यांनी २०१३ मध्ये ३९ प्रयोग एकत्र करून पाहिले. ज्यांचं एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या वर होतं आणि ज्यांनी दोन महिन्यांहून जास्त काळ लसूण घेतला, त्यांच्यात ते सरासरी १७ ने आणि एलडीएल ९ ने उतरलेलं दिसलं. ट्रायग्लिसराइडवर म्हणावा असा परिणाम दिसला नाही.

निळाईताई, हे शेवटचं वाक्य तुमच्यासाठी आहे. तुमच्या कागदावर सगळ्यात जास्त चढलेला आकडा ट्रायग्लिसराइडचा आहे, आणि लसणाचं पारडं तिथेच हलकं आहे. सावकाश यांनी लिहिलेला व्यायाम बरोबर त्याच आकड्यावर काम करतो. वजनाचं म्हणाल तर चरबीयुक्त आहार दिलेल्या उंदरांमध्ये लसणाने चरबी कमी झालेली दाखवली आहे, माणसांमध्ये त्याने वजन उतरतं असं म्हणायला भक्कम आधार नाही.

अवांतर : संस्कृतात लसणाला रसोन म्हणतात. एका रसाने ऊन, म्हणजे कमी. सहा रसांपैकी फक्त आंबट त्यात नाही. मला हा शब्द फार आवडतो.

उत्तररात्र

औषधवेल, पण मग १७ हा आकडा काही लहान नाही. ३९ प्रयोगांची सरासरी आहे. तुम्हीच ती दिली आणि तुम्हीच हलकं पारडं म्हणता?

औषधवेल

रास्त प्रश्न आहे. मी दोन गोष्टी शेजारी ठेवून बघते. सरासरीत शिरलेले बरेच प्रयोग लहान होते आणि त्यांचा दर्जा कमीजास्त होता. २००७ साली स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांचा प्रयोग आला, तो मात्र फार काळजीपूर्वक केलेला होता. १९२ माणसं, एलडीएल १३० ते १९० च्या दरम्यान, म्हणजे निळाईताईंसारखीच. चार गट : कच्चा लसूण, पुडीची गोळी, मुरवलेला अर्क आणि नकली (औषध नसलेली) गोळी. मात्रा साधारण एका पाकळीइतकी, आठवड्याचे सहा दिवस, सहा महिने. कच्चा लसूण सँडविचमध्ये घालून द्यायचे आणि त्यात किती ॲलिसिन तयार होतं ते मोजलेलं होतं. दर महिन्याला रक्त तपासलं. एकाही गटाचं एलडीएल नकली गोळीवाल्यांपेक्षा खाली गेलं नाही.

मला या प्रयोगाचं वजन जास्त वाटतं. तुम्हाला सरासरीचं वाटत असेल तर तेही समजू शकते, यावर जाणकारांचंही एकमत नाही. पण १७ खरे धरले तरी तुलना करा. कोलेस्टेरॉलसाठी डॉक्टर देतात ती स्टॅटिनची गोळी एलडीएल ३० ते ५० टक्के उतरवते, आणि त्यामुळे झटके कमी होतात हे मोठमोठ्या प्रयोगांत दिसलं आहे. लसणाच्या कॅप्सूलने झटके कमी झाले असं कुठे दाखवलेलं नाही.

उत्तररात्र

ठीक. एलडीएलपुरतं मान्य करतो. रक्तदाबावर लसणाचा परिणाम होतो असं वाचलं आहे, त्यासाठी मी घेत राहीन.

औषधवेल

ज्यांचा रक्तदाब आधीच चढलेला आहे त्यांच्यात थोडा उतरतो, हे बरोबर. फक्त तुमच्या डॉक्टरांना सांगून घ्या.

पारिजात

एक महत्त्वाचं राहून जातंय. मी रोज तीन कॅप्सूल घेत होते. त्याच काळात दाढ काढायची वेळ आली. फॉर्मवर 'चालू औषधे' असा रकाना होता, तो मी कोरा सोडला. लसूण म्हणजे औषध असं डोक्यातच आलं नाही. दाढ सकाळी अकराला काढली, बोळे बदलत बदलत रात्रीचे नऊ वाजले तरी रक्त झिरपतच होतं. उशीवर टॉवेल घालून बसून राहिले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एकेक विचारत आणलं तेव्हा कॅप्सूलचा उल्लेख निघाला. त्यामुळेच झालं असं ते छातीठोकपणे म्हणाले नाहीत, पण पुढच्या वेळी आधी सांगा आणि बंद करून या, असं बजावलं. कृपया कोणी हा रकाना कोरा ठेवू नका.

औषधवेल

पारिजात, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. लसणातले काही पदार्थ, विशेषतः अजोइन, रक्तातल्या चपट्या पेशींना (प्लेटलेट्सना) एकमेकींना चिकटू देत नाहीत, म्हणून रक्त थांबायला वेळ लागू शकतो. शस्त्रक्रिया किंवा दात काढणं असेल तर कॅप्सूल निदान सात दिवस आधी थांबवाव्यात. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधांपैकी काही चालू असेल तर विचारल्याशिवाय सुरूच करू नयेत. एचआयव्हीच्या सॅक्विनाव्हिर या औषधाची रक्तातली पातळी लसणाच्या कॅप्सूलने निम्म्यावर आलेली आढळली आहे. आणि कच्चा लसूण वाटून त्वचेवर बांधून ठेवू नका, भाजल्यासारखे फोड येतात.

रोजच्या स्वयंपाकातल्या लसणाबद्दल हे म्हणत नाहीये, तो खुशाल खा.

मनमोकळी

दोन्ही एकदम केलं तर? हा निळाईचा तिसरा प्रश्न राहिला.

सूक्ष्मदर्शी

त्याचं उत्तर काढायचं तर चार गट लागतात : नुसता लसूण, नुसता व्यायाम, दोन्ही, आणि नकली गोळी. 'दोन्ही' गट नकली गोळीवाल्यांपेक्षा बरा निघाला एवढ्याने काही सिद्ध होत नाही, ते तर एकट्या व्यायामानेही झालं असतं. 'दोन्ही' आणि 'नुसता व्यायाम' यांत फरक आहे का, हे बघायचं. असे प्रयोग झाले आहेत, पण बहुतेक काही आठवड्यांचे आणि मोजक्या माणसांवरचे. काहींत थोडा जास्त फायदा दिसतो. मी सांगितलेला २० टक्क्यांचा नैसर्गिक हेलकावा आठवा. गटात दहा-पंधरा माणसं असतील तर लहानसा फरक त्या हेलकाव्यातच बुडून जातो. त्यामुळे जोडीने जोर वाढतो असं मी तरी म्हणणार नाही.

निळाई (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे किती आभार मानू? सगळं दोनदा वाचलं, काही भाग मुलीला वाचून दाखवला.

कॅप्सूल बंद केल्या. गोड पेयं पूर्ण सोडली, कारण डॉक्टरांनी सांगितलं की साखर आणि दारू दोन्हींनी यकृतात ट्रायग्लिसराइड वाढतं. दारूचा प्रश्न नव्हता, साखरेचा मात्र होता. चालणं १० वरून २० मिनिटांवर आलं आहे. पण उजवा गुडघा उतारावर कुरकुरतो, आणि तीन आठवड्यांत वजन फक्त ३०० ग्रॅम उतरलं. काट्यावर उभी राहिले की रडू येतं.

आणि एक गोष्ट घडली. बाटली परत द्यायला गेले तेव्हा जाऊबाईंना वाईट वाटेल अशी धास्ती होती. त्या म्हणाल्या, "नको तर नको, चल, मी येते तुझ्याबरोबर चालायला." आता रोज सकाळी आम्ही दोघी जातो. परवा बोलता बोलता कळलं की कॅप्सूल सुरू केल्या त्याच महिन्यात त्यांना डॉक्टरांनी रात्रीची एक गोळीही दिली होती. नाव सांगितलं, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन. ती 'डॉक्टरची गोळी' म्हणून त्यांनी हिशेबात धरलीच नव्हती! लसणाने इतका गुण आलाय तर आता ती बंद करावी असं त्यांच्या मनात होतं. माझ्या पोटात गोळा आला. काय सांगू त्यांना?

औषधवेल

ताई, हे आजच्या आज सांगा. ती गोळी म्हणजे स्टॅटिनच. त्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं ते जवळजवळ सगळं त्या रात्रीच्या गोळीने. ती मनाने बंद केली तर काही आठवड्यांत आकडा पुन्हा चढेल, आणि चढलेला त्यांना जाणवणार नाही, कारण कोलेस्टेरॉल दुखत नाही. कॅप्सूल घेतात हे डॉक्टरांनाही कळवू द्या. ओरडून नका सांगू, चालता चालता सांगा.

सावकाश

वजनाचा हिशेब मांडतो, म्हणजे काट्यावर रडू येणार नाही. तुमच्या वजनाच्या माणसाला तीन किलोमीटर चालायला साधारण १५० ते २०० कॅलरी लागतात. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. आठवड्याचे पाच दिवस चाललात तर नुसत्या चालण्याने एक किलो उतरायला दोन महिने लागतील. तुमचं चालणं अजून त्याहून कमी आहे, त्यामुळे तुमचे ३०० ग्रॅम काही कमी नाहीत. वजन उतरवण्यात मोठा वाटा खाण्याचा असतो, उतरलेलं टिकवण्यात चालण्याचा. काटा महिन्यातून दोनदाच बघा. त्याऐवजी फीत घ्या. श्वास सोडून, पोट आत न ओढता, दर वेळी त्याच जागी मोजा. पोटाच्या आतली चरबी व्यायामाने लवकर हलते, काट्याच्या आधी फितीवर दिसते.

गुडघ्यासाठी : उतार टाळा, सपाट रस्ता धरा, बूट झिजलेत का बघा. दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखत असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजून पाच मिनिटं कमी करा. सूज आली तर दाखवून घ्या. आणि दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठा, दोन मिनिटं का होईना पाय हलवा.

निळाई (रिपोर्टनंतर)

मंडळी, साडेतीन महिने झाले. आजच रिपोर्ट आला.

एकूण कोलेस्टेरॉल २१८. ट्रायग्लिसराइड १६०. एचडीएल ४१. एलडीएल १४५. वजन ७५.६, कंबर ९३. सूत्र स्वतः लावून पाहिलं : २१८ वजा ४१ वजा ३२, बरोबर १४५ आलं. कागद वाचता येतो याचाच केवढा आनंद झाला.

आठवड्याला १८० मिनिटांपर्यंत आले आहे. गुडघा आता बोलत नाही. जाऊबाईंनी रात्रीची गोळी चालूच ठेवली, डॉक्टरांशी बोलून लसूण त्यांनी स्वतःहून सोडला.

पण एलडीएल तिथल्या तिथेच आहे. डॉक्टर म्हणाल्या, ट्रायग्लिसराइडचं काम तुम्ही केलंत, एलडीएलचं व्यायामाने फारसं होणार नाही आणि वडिलांचा इतिहास बघता गोळी सुरू करणं गैर ठरणार नाही. आणखी तीन महिने देऊनही बघता येईल असंही म्हणाल्या. मी तीन महिने मागून घेतले आहेत. तेव्हाही एलडीएल इथेच असेल तर गोळी घेईन, मनात किंतु न ठेवता.

सूक्ष्मदर्शी

खूप आनंद झाला, निळाईताई. प्रामाणिकपणे सांगायचं तर २४० चे १६० यातला काही भाग हेलकाव्याचा असू शकतो. पण कंबर, वजन आणि एचडीएल सगळेच चांगल्या दिशेने गेले आहेत, हे योगायोगाने होत नाही. पुढची तपासणी त्याच लॅबमध्ये, तेवढेच तास उपाशी राहून करा. आदल्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त व्यायाम नको, आणि नुकताच ताप येऊन गेला असेल तर काही आठवडे थांबा. आजारपणात कोलेस्टेरॉल खोटंच कमी दिसतं.

सावकाश

आता स्नायूंचे दोन दिवस सुरू करा. हात छातीशी घेऊन खुर्चीतून उठायचं, बसायचं. आपटून बसायचं नाही, तीन अंक मोजत खाली जायचं. सलग किती जमतात ते आज मोजून इथे लिहा.

निळाई

आत्ताच करून पाहिलं. नीट नऊ झाले, दहाव्याला हात टेकवावा लागला. जाऊबाईंचे अकरा झाले.